फाइल उतरवून घेण्याचे दोन मार्ग : एफटीपी आणि ब्राउझर

शेतीविषयक माहिती पूर्वी छापील पत्रकांतून व कचेरीतील नोंदवह्यांतून गावापर्यंत येत असे. आता पर्जन्यमानाची आकडेवारी, उपग्रहाने टिपलेली जमिनीची चित्रे, मृदपरीक्षणाचे अहवाल आणि शासकीय परिपत्रके ही बव्हंशी फाइलीच्या रूपाने इंटरनेटवरून येतात. दूरच्या संगणकावर ठेवलेली फाइल आपल्या संगणकावर आणण्याच्या क्रियेस ‘डाउनलोड करणे’ किंवा ‘फाइल उतरवून घेणे’ असे म्हणतात.

ही क्रिया दिसावयास अगदी सोपी आहे. बटण दाबले की फाइल येते. परंतु फाइल आली म्हणजे ती पूर्ण व निर्दोष आली, असे मात्र नव्हे. पावसाच्या आकड्यांची अर्धवट आलेली फाइलही उघडते, तिच्यातून बेरीजही निघते, आणि त्या बेरजेवरून चांगल्या पावसाचे वर्ष अवर्षणाचे ठरू शकते. म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व संगणक वापरणाऱ्या शेतकऱ्यांनी फाइल कोणत्या मार्गाने येते, त्या मार्गाचे गुणदोष कोणते आणि आलेला माल तपासून कसा घ्यावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

फाइलीचे माप

फाइलीचा आकार बाइटमध्ये मोजतात आणि जोडणीचा वेग मात्र बिटमध्ये सांगतात. आठ बिट मिळून एक बाइट होते. यामुळे पुष्कळांचा हिशेब चुकतो. जोडणीचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर सेकंदाला २ मेगाबाइट येत नाहीत. त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे अडीच लाख बाइट येतात. फाइल उतरण्यास किती वेळ लागेल हे काढताना वेगाला प्रथम आठाने भागावे.

फाइल सलग येत नाही. तिचे लहान लहान तुकडे करून ते पाठविले जातात आणि आपला संगणक ते क्रमाने जुळवितो. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागविला जातो. हे काम ‘टीसीपी’ नावाच्या नियमाकडे असते. पुढे वर्णन केलेले दोन्ही मार्ग सामान्यतः याच नियमावर चालतात. ब्राउझरसाठी यापेक्षा नवा वाहतूक नियमही काही ठिकाणी वापरात आला आहे. पण तुकडे क्रमाने व न हरवता पोहोचविण्याचे काम तोही करतो.

पहिला मार्ग : एफटीपी

एफटीपी म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइली नेण्यासाठी ठरविलेली नियमसंहिता. तिचा पहिला मसुदा अभय भूषण या भारतीय अभियंत्याने एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून पदवी घेऊन ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत गेले होते. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या ‘आर्पानेट’ या जाळ्यावरील संगणक निरनिराळ्या जातींचे होते. त्यांच्यात फाइलींची देवघेव सुलभ व्हावी, हा त्या मसुद्याचा हेतू होता. पुढे सुधारणा होत होत १९८५ साली ही संहिता ज्या स्वरूपात प्रसिद्ध झाली, तेच स्वरूप आजही पायाभूत मानले जाते.

या संहितेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात दोन स्वतंत्र वाटा असतात. एका वाटेवरून केवळ आज्ञा जातात : आपले नाव, परवलीचा शब्द, अमुक फोल्डरची यादी द्यावी, अमुक फाइल पाठवावी. दुसऱ्या वाटेवरून प्रत्यक्ष फाइल येते. बाजारात दलालाशी बोलणे पेढीवर व्हावे आणि माल गोदामाच्या दरवाजातून यावा, तसाच हा प्रकार आहे. आज्ञांच्या वाटेसाठी २१ हा क्रमांक ठरलेला आहे. फाइलीची वाट मात्र दर वेळी नव्याने उघडली जाते.

फाइलीची वाट कोणी उघडावी, याचे दोन प्रकार आहेत. ‘सक्रिय’ प्रकारात दूरचा संगणक आपल्या संगणकाकडे वाट उघडू पाहतो. आजकाल बहुतेक कचेऱ्यांत व घरांत बाहेरून येणारी अशी अनाहूत जोडणी अडविलेली असते. मग नाव व परवलीचा शब्द स्वीकारला जातो, पण फाइलींची यादी काही केल्या दिसत नाही. असे आढळल्यास प्रोग्रॅममध्ये ‘पॅसिव्ह’ हा प्रकार निवडावा. त्यात दोन्ही वाटा आपल्याच संगणकाकडून उघडल्या जातात आणि बहुधा अडचण दूर होते.

एफटीपीचे खरे बळ फाइलींचे मोठे संच हाताळण्यात आहे. फाइलझिला किंवा विनएससीपी यांसारख्या प्रोग्रॅममध्ये एका बाजूस आपले फोल्डर व दुसऱ्या बाजूस दूरचे फोल्डर दिसते. संपूर्ण फोल्डर एकदम निवडता येते, फाइली रांगेत लावता येतात आणि वाटेत जोडणी तुटल्यास प्रोग्रॅम स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. जितके बाइट आले असतील त्यांच्या पुढून पाठवावे, अशी आज्ञाही या संहितेत आहे. शिवाय फाइल पाठविण्याचे कामही याच मार्गाने होते.

तिचा मोठा दोष हा की, मूळ एफटीपीमध्ये काहीच झाकलेले नसते. परवलीचा शब्ददेखील उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्याप्रमाणे जातो आणि वाटेत कान देऊन बसलेल्यास तो वाचता येतो. सर्वांसाठी खुल्या असलेल्या माहितीपुरता परवलीचा शब्द लागत नाही, हे खरे. पण तेथेही वाटेत कोणी फाइलीत फेरफार केल्यास तो या संहितेस कळत नाही.

दुसरा मार्ग : ब्राउझर

स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत काम करीत असता टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची योजना मांडली आणि १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. ब्राउझर ज्या नियमाने बोलतो त्यास ‘एचटीटीपी’ म्हणतात. त्याचेच झाकलेले, म्हणजे सांकेतिक केलेले रूप ते ‘एचटीटीपीएस’ होय. क्रोम, फायरफॉक्स, एज आणि सफारी हे आज नित्य वापरात असलेले ब्राउझर आहेत.

येथे वाट एकच असते. ब्राउझर मागणी करतो आणि त्याच वाटेने उत्तर येते. उत्तराच्या आरंभी एक चिठ्ठी असते. तीत फाइल कोणत्या जातीची आहे हे सांगितलेले असते आणि बहुधा ती किती बाइटची आहे हेही लिहिलेले असते. लांबी कळलेली असल्यामुळेच ‘निम्मी उतरली’, ‘दोन मिनिटे उरली’ असे ब्राउझर दाखवू शकतो. जेथे फाइल मागणीनंतर तयार केली जाते, तेथे ही लांबी काही वेळा कळविलेली नसते. अशा वेळी जोडणी मध्येच तुटली तरी ब्राउझरला ती चूक नेहमी ओळखता येतेच असे नाही.

एचटीटीपीच्या १९९७ सालच्या आवृत्तीपासून फाइलीचा ठरावीक भागच मागविण्याची सोय झाली. त्यामुळे अडलेली फाइल पुढे चालू करता येते. मात्र देणाऱ्या संगणकाने ती सोय ठेवलेली असली पाहिजे. येथे एफटीपीपेक्षा एक गोष्ट सरस आहे. दरम्यानच्या काळात मूळ फाइल बदलली असल्यास ते ओळखण्याची खूण एचटीटीपीमध्ये ठेवता येते. एफटीपीमध्ये अशी ठरलेली खूण नसल्यामुळे जुन्या फाइलीचे डोके व नव्या फाइलीचे धड एकत्र जोडले जाण्याचा संभव राहतो.

ब्राउझरचा मुख्य लाभ म्हणजे वेगळा प्रोग्रॅम लागत नाही, शिकण्याचे थोडे असते आणि मोबाइलवरही काम होते. त्याची मर्यादा ही की, शंभर फाइली हव्या असल्यास सामान्यतः शंभर वेळा निवड करावी लागते. तसेच काही संकेतस्थळांवरील दुवे थोड्या वेळाने निरुपयोगी होतात. मग अडलेली फाइल पुढे चालू न होता पहिल्यापासून आणावी लागते.

ब्राउझरमधून एफटीपी नाहीसे झाले आहे

पूर्वी एफटीपीचा पत्ता ब्राउझरमध्ये लिहिला तरी फाइलींची यादी उघडत असे. ही सोय क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांतून २०२१ साली काढून टाकण्यात आली. वापर कमी झाला होता आणि मार्ग असुरक्षित होता, ही त्याची कारणे. जुन्या पुस्तकात किंवा परिपत्रकात ‘एफटीपी’ या अक्षरांनी सुरू होणारा पत्ता आढळला आणि तो ब्राउझरमध्ये उघडला नाही, तर संगणक बिघडला असे समजू नये. प्रथम तीच माहिती ‘एचटीटीपीएस’ पत्त्यावर दिली जाते काय, हे पाहावे. तशी सोय नसेल तरच फाइलझिलासारखा प्रोग्रॅम वापरावा.

सुरक्षित पर्याय

मूळ एफटीपीच्या जागी दोन सुरक्षित पर्याय आले आहेत. ‘एफटीपीएस’ म्हणजे तीच जुनी संहिता, पण सांकेतिक आवरणात. ‘एसएफटीपी’ ही नावाने जवळची असली तरी घडणीने अगदी वेगळी आहे. ती ‘एसएसएच’ या सुरक्षित जोडणीवर चालते, तिचा क्रमांक २२ असतो आणि आज्ञा व फाइल दोन्ही एकाच झाकलेल्या वाटेने जातात. जेथे नाव व परवलीचा शब्द द्यावा लागतो, किंवा शेतकऱ्यांची नावे, खात्यांचे क्रमांक वा गट क्रमांक असलेली फाइल पाठवावयाची असते, तेथे मूळ एफटीपी मुळीच वापरू नये. कचेरीने एसएफटीपी, एफटीपीएस किंवा एचटीटीपीएस यांपैकी जो मार्ग ठरविला असेल तोच वापरावा.

अधिक वेगवान कोण?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एकच मोठी फाइल आणावयाची असेल तर दोन्ही मार्गांच्या वेगांत सहसा लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. वेग ठरतो तो आपल्या जोडणीवरून आणि देणाऱ्या संगणकावरील गर्दीवरून. अरुंद पाटातून पाणी न्यावयाचे असता मोट कोणती लावली यास महत्त्व थोडे. फाइली लहान पण संख्येने पुष्कळ असतील तर मात्र फरक पडतो. एफटीपीमध्ये प्रत्येक फाइलीसाठी नवी वाट उघडावी लागते. एचटीटीपीमध्ये एकच उघडलेली वाट अनेक फाइलींस पुरते. तथापि, माणसाचे श्रम एफटीपीच्या प्रोग्रॅममध्ये वाचतात, कारण निवड एकदाच करावी लागते.

या दोहोंचा मेळ घालणारे ‘डब्ल्यूगेट’ व ‘कर्ल’ हे विनामूल्य प्रोग्रॅमही उपलब्ध आहेत. पत्त्यांची यादी दिली की ते एचटीटीपीएस मार्गाने एकेक फाइल आणतात आणि सांगितल्यास अडलेली फाइल पुढे चालू करतात. तेव्हा फाइली पुष्कळ आहेत एवढ्याच कारणाने एफटीपीची गरज पडते, असे नाही.

एक उदाहरण : वर्षभराच्या पावसाची फाइल

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील कार्यालयाकडून संपूर्ण देशाच्या दैनंदिन पावसाच्या फाइली दिल्या जातात. १९०१ सालापासूनची प्रत्येक वर्षाची स्वतंत्र फाइल संकेतस्थळावर वर्ष निवडून ब्राउझरने उतरवून घेता येते. या फाइलीत देशावर पाव-पाव अंशाची जाळी कल्पिली आहे. जाळीत पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिणोत्तर १२९ बिंदू आहेत. म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे होतात. प्रत्येक आकड्यास ४ बाइट लागतात. म्हणून एका दिवसाची नोंद ६९,६६० बाइटची झाली. ३६५ दिवसांच्या साध्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइटचीच असली पाहिजे. एक बाइट कमी नाही, एक बाइट अधिक नाही.

सेकंदाला २ मेगाबिटच्या जोडणीवर ही फाइल उतरण्यास सुमारे १ मिनिट ४२ सेकंद लागतील. १९९१ ते २०२० या ३० वर्षांच्या फाइली मिळून सुमारे ७६ कोटी ३३ लाख बाइट भरतात; त्यांस जवळजवळ ५१ मिनिटे लागतील. एवढ्या अवधीत जोडणी एकदाही तुटणार नाही, असे गृहीत धरता येत नाही.

आता समजा, साध्या वर्षाची फाइल १,२०,००,००० बाइटवर तुटली. भागाकार केल्यास तीत १७२ दिवसांची पूर्ण नोंद व पुढील दिवसाचा काही अंश निघतो. वर्षातील १७२ वा दिवस म्हणजे २१ जून. महाराष्ट्रातील पावसाळा कोठे सुरू होतो आहे, तोच फाइल संपली! जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर या महिन्यांचा पाऊस तीत नाहीच. अशा फाइलीची बेरीज करणाऱ्या प्रोग्रॅमने रिकाम्या जागी शून्य धरले, तर त्या वर्षी तालुक्यात पाऊसच पडला नाही, असा निष्कर्ष निघेल. मग पीकनियोजन असो वा विहिरीच्या पाण्याचा अंदाज असो, सर्वच चुकेल.

दुसरा धोका एफटीपी वापरताना संभवतो. या संहितेत फाइल नेण्याच्या दोन रीती आहेत : एक ‘मजकूर’ रीत आणि दुसरी ‘बायनरी’ रीत. निरनिराळ्या जातींचे संगणक ओळीचा शेवट निरनिराळ्या खुणांनी दाखवितात. मजकूर रीतीत या खुणा बदलून दिल्या जातात. लेखी मजकुरास ते सोयीचे असते. पण आकड्यांच्या फाइलीत ओळी नसतातच. तेथे योगायोगाने १० या किमतीचे बाइट आले की, लिनक्स संगणकावरून विंडोज संगणकावर येताना त्याच्यापूर्वी १३ या किमतीचे आणखी एक बाइट घातले जाते. त्या ठिकाणापासून पुढील सर्व आकडे एक एक घर सरकतात. फाइल फुगते आणि पाऊस वाटेल तसा दिसू लागतो. म्हणून आकड्यांची, चित्रांची अथवा आवळून बांधलेली झिप फाइल आणताना बायनरी रीतच निवडावी. ब्राउझरच्या मार्गात असा फेरफार होत नाही.

आलेला माल तपासून घ्यावा

प्रमाणित बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी तिचे निळे लेबल पाहतो, शिवण पाहतो आणि वजनाची खात्री करतो. फाइलीच्या बाबतीतही तीन तपासण्या कराव्या.

१. नाव पाहावे. क्रोममध्ये अपुऱ्या फाइलीच्या नावाअखेरीस ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ अशी अक्षरे असतात. ही अक्षरे हाताने पुसून फाइल पूर्ण होत नाही. काही फाइलवाहक प्रोग्रॅम प्रथमपासूनच अंतिम नावाने फाइल लिहितात. तेथे नाव बरोबर असूनही फाइल अपुरी असू शकते.

२. आकार जुळवावा. देणाऱ्याने सांगितलेले बाइट व आपल्याकडे आलेले बाइट नेमके तितकेच असावेत. ‘२५ एमबी’ असा ढोबळ आकडा पाहून समाधान मानू नये. फाइलीच्या माहितीत दिलेले पूर्ण बाइट वाचावेत.

३. ठसा जुळवावा. पुष्कळ संस्था फाइलीसोबत ‘एसएचए-२५६’ या पद्धतीने काढलेला ६४ अक्षरांचा ठसा देतात. फाइलीतील एक बाइट जरी बदलले तरी हा ठसा अगदी निराळा येतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ व लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ या आज्ञांनी आपल्या फाइलीचा ठसा काढता येतो. दोन्ही ठसे तंतोतंत जुळले तर फाइल वाटेत बदलली नाही, अशी खात्री धरावी. आकार जुळूनही आतील मजकूर बिघडलेला असू शकतो; म्हणून ठसा दिलेला असेल तेथे ही तपासणी टाळू नये.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. ब्राउझर जोडणी सुरक्षित आहे असे दाखवितो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की, तुमची जोडणी त्या पत्त्याच्या संकेतस्थळाशीच आहे आणि वाट झाकलेली आहे. ते संकेतस्थळ प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. अनुदानाच्या किंवा विम्याच्या नावाखाली मोबाइलवर येणाऱ्या अनोळखी दुव्यावरून फाइल उतरवून घेऊ नये. विशेषतः जिच्या नावाअखेरीस ‘एपीके’ ही अक्षरे आहेत ती फाइल म्हणजे कागद नसून मोबाइलवर बसणारा प्रोग्रॅम असतो, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या निदर्शनास आणावे.

निवड कशी करावी

मार्ग निवडताना पहिली गोष्ट ही की, देणाऱ्याने जो मार्ग उघडा ठेवला आहे तोच आपणांस वापरता येतो. अनेक मार्ग उघडे असतील तर पुढीलप्रमाणे विचार करावा.

(अ) एखाद-दुसरी फाइल, अहवाल, परिपत्रक अथवा एका वर्षाचा पाऊस हवा असेल तर ब्राउझर वापरावा. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो हे पाहावे.

(आ) सर्वांस खुल्या असलेल्या पुष्कळ फाइली ठरावीक काळाने हव्या असतील तर डब्ल्यूगेट किंवा कर्लसारखा प्रोग्रॅम वापरावा.

(इ) कचेरीच्या संगणकावरील फोल्डरमधून फाइली नेहमी आणावयाच्या व पाठवावयाच्या असतील तर एसएफटीपी वापरावे.

(ई) मूळ एफटीपी अन्य मार्ग नसेल तेव्हाच, खुल्या माहितीपुरतेच आणि बायनरी रीतीने वापरावे; आलेल्या फाइलीचा ठसा अवश्य जुळवावा.

सारांश

ब्राउझर सोयीचा आहे, फाइलवाहक प्रोग्रॅम संच हाताळण्यास उपयोगी आहे, आणि मूळ एफटीपीचा काळ आता बराचसा मागे पडला आहे. परंतु कोणताही मार्ग घेतला तरी फाइल पूर्ण आली आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. तपासणीस दोन मिनिटे लागतात. न तपासलेल्या फाइलीवरून दिलेला सल्ला मात्र शेतकऱ्याचा सबंध हंगाम घालवू शकतो. कार्यकर्त्यांनी फाइल उतरवून घेतल्यावर तिचे नाव, दिनांक, आकार व ठसा यांची वहीत नोंद ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. नाव व परवलीचा शब्द स्वीकारला गेला, पण एफटीपीमध्ये फाइलींची यादी दिसत नाही. कोणता प्रकार निवडून पाहावा?

२. लीप वर्षाची पावसाची फाइल नेमकी किती बाइटची असावी?

३. साध्या वर्षाच्या फाइलीचे केवळ ६९,६६,००० बाइट आले आहेत. तीत कोणत्या तारखेपर्यंतचा पाऊस आहे?

उत्तरे : (१) पॅसिव्ह प्रकार. (२) २,५४,९५,५६० बाइट. (३) १०० दिवसांचा, म्हणजे १० एप्रिलपर्यंतचा.